बंद अभ्यासिकेत ताजी हवा: आधी माणशी हिशोब, मग यंत्र

ताई, तुमची अडचण आधी थोडक्यात मांडतो. कोल्हापुरात राजारामपुरीपासून सायबर चौकापर्यंत अशाच अभ्यासिका आणि क्लास चालवणारे बरेच जण आहेत, त्यांनाही हा हिशोब उपयोगी पडेल.

तुमचा हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे, २५ बाय ४० फुटांचा, उंची १० फूट. ४० खुर्च्या, सकाळी ७ ते रात्री ९. रस्त्याचा आवाज आणि धूळ नको म्हणून गेल्या वर्षी जुन्या लाकडी खिडक्या काढून रबर गॅस्केटच्या पक्क्या काचा बसवल्या आणि दीड टनाचे ४ स्प्लिट एसी लावले. तेव्हापासून मुलं दुपारी पेंगतात, डोकं जड झाल्याचं सांगतात, आणि जिन्यातून आत येणाऱ्याला कुबट वास येतो. तुम्ही मीटर आणून ठेवलात, तर दुपारी ३ वाजता कार्बन डायऑक्साइड ३२०० पीपीएम दिसला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ३२०० भाग. आता एक जण म्हणतो ईआरव्ही घ्या, म्हणजे आतली हवा बाहेर आणि बाहेरची आत करताना थंडावा वाचवणारं यंत्र, ताशी ५०० घनमीटरचं. दुसरा म्हणतो मोठा एअर प्युरिफायर घ्या. तिसरा म्हणतो दोन एक्झॉस्ट फॅन ठोका, काम झालं.

माझं उत्तर असं: तुमच्या हॉलला तासाला सुमारे १२०० घनमीटर, म्हणजे ७०० सीएफएम (मिनिटाला ७०० घनफूट), बाहेरची गाळलेली हवा लागेल. तेवढी हवा प्रत्यक्ष आत येत असेल तर ती कोणत्या यंत्राने आणली हा दुय्यम प्रश्न आहे. येत नसेल तर कितीही महागडं यंत्र लावा, मुलं पेंगतच राहतील. ईआरव्ही तुमच्यासाठी योग्य आहे, पण सांगितलेल्या आकाराच्या दुपटीहून मोठी लागेल. प्युरिफायरने हा प्रश्न सुटणार नाही. नुसत्या एक्झॉस्टने नवे प्रश्न उभे राहतील.

पहिली गोष्ट, जी दहा वेळा सांगूनही लोकांना पटत नाही: स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. बाहेरच्या आणि आतल्या युनिटमध्ये फक्त तांब्याच्या नळ्या असतात आणि त्यांतून गॅस फिरतो, हवा नाही. आतलं युनिट खोलीतलीच हवा ओढतं, गार करतं आणि परत खोलीतच सोडतं. म्हणून चारच्या जागी आठ एसी लावले तरी मीटरवरचा आकडा हलणार नाही. पूर्वी तुमच्या लाकडी खिडक्यांच्या फटींतून आणि दारावरच्या व्हेंटिलेटरमधून नकळत हवा बदलत होती. गॅस्केटच्या काचांनी ती वाट बंद केली आणि तिच्या जागी दुसरी वाट कुणी दिली नाही. काचा बसवणं चूक नव्हतं. त्या रस्त्यावर आवाज अडवायलाच हवा. पण खिडकीचं काम करणाऱ्याने आणि एसीवाल्याने मिळून हवेचा विषय कुठेच काढला नाही, आणि हे मी शहरातल्या जवळजवळ प्रत्येक नव्या बंदिस्त जागेत बघतो.

आता हिशोब. शांत बसून वाचणारा माणूस तासाला साधारण १५ ते १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. १८ धरू. ४० जणांचे ७२० लिटर. तुमच्या हॉलमध्ये एकूण हवा १०,००० घनफूट, म्हणजे २८३ घनमीटर. हॉल पूर्ण हवाबंद असता तर दर तासाला २५०० पीपीएमची भर पडली असती. तसं होत नाही, कारण दार उघडतं, थोड्याफार फटी असतात. त्या फटींतून नेमकी किती हवा येते ते तुमच्याच रात्रीच्या नोंदींतून निघतं, आणि त्या नोंदी ठेवल्याबद्दल तुमचं खरंच कौतुक. रात्री ९ वाजता मुलं गेली तेव्हा २८००, दार बंद ठेवून १० वाजता १६००. बाहेरच्या हवेतच आज सुमारे ४२० असतो, तो वजा केला तर जादाचा कार्बन डायऑक्साइड २३८० वरून ११८० वर आला. म्हणजे एका तासात निम्मा. निम्मा व्हायला जितके तास लागतात त्याने ०.७ ला भागायचं, की तासाला हॉलची हवा किती वेळा बदलते ते कळतं. तुमचं उत्तर ०.७ वेळा, म्हणजे सुमारे २०० घनमीटर. माणशी ५ घनमीटर. सीएफएममध्ये सांगायचं तर माणशी ३ सुद्धा नाही. सगळ्या ४० खुर्च्या भरून दार बंद राहिलं तर तुमचा आकडा ४००० च्या आसपास जाऊन थांबेल. दुपारी ३२०० दिसतो तो काही खुर्च्या रिकाम्या असतात आणि मुलं चहाला ये-जा करतात म्हणून.

किती हवी? १८५८ साली म्युनिकमध्ये मॅक्स फॉन पेटेनकोफर यांनी राहत्या खोलीसाठी १००० पीपीएम ही मर्यादा सुचवली होती. माणसाच्या अंगाचा आणि श्वासाचा वास जाणवू लागतो त्याच्याशी तिचा संबंध होता. तो आकडा अजूनही कामाचा आहे. तुमच्या हॉलला १००० च्या आसपास राहायचं तर माणशी १७-१८ सीएफएम लागतात. १२०० पर्यंत चालवून घ्यायचं ठरवलं तर १३-१४.

ईआरव्हीवाल्याने ५०० घनमीटर कुठून काढले तेही मला दिसतंय. अमेरिकेतल्या अ‍ॅश्रे या संस्थेचं ६२.१ हे मानक आपल्याकडचे बरेच सल्लागार वापरतात. त्यात ग्रंथालयाला माणशी ५ सीएफएम आणि दर चौरस फुटाला ०.१२ असा दर आहे. तुमच्या हॉलला तो लावला तर ३२० सीएफएम, म्हणजे ५४० घनमीटर येतात. त्याने अभ्यासिका म्हणजे ग्रंथालय धरलं. पण त्याच तक्त्यात ग्रंथालयात १००० चौरस फुटांत १० माणसं गृहीत धरली आहेत. तुमच्याकडे ४० बसतात, तेही दिवसभर, मधे मोजक्या सुट्ट्या घेऊन. तुमची जागा वर्गखोली आहे. वर्गखोलीचा दर माणशी १० अधिक दर चौरस फुटाला ०.१२, म्हणजे ५२० सीएफएम. तेही किमान. परीक्षेची तयारी करणारी मुलं बारा-बारा तास बसतात, म्हणून मी ७०० म्हणतो. ५०० घनमीटरच्या यंत्राने, ते पूर्ण क्षमतेने चाललं तरी, आकडा १५०० ते १८०० च्या दरम्यान अडकेल. पैसे जातील आणि तुम्ही म्हणाल, ईआरव्हीचा काही उपयोग नसतो.

ऑक्सिजन कमी पडतो म्हणून मुलं पेंगतात, असं बरेच जण म्हणतात. तसं नाही. ३२०० पीपीएमला ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून २०.६ पर्यंत उतरतो. पन्हाळ्यावर गेलात की उंचीमुळे त्याहून जास्त फरक पडतो, आणि तिथे कुणी पेंगत नाही. कार्बन डायऑक्साइड हा मुख्यतः खुणेचा आकडा आहे. तो वाढला म्हणजे माणसांनी सोडलेलं सगळंच वाढलं: ओलावा, वास, श्वासातले सूक्ष्म थेंब. त्यात नव्या प्लायवूडचा, लॅमिनेटचा आणि चिकटवण्याच्या द्रावणाचा उग्रपणा मिसळतो, आणि तुमची टेबलं नवीच आहेत. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २२ जणांवर प्रयोग केला, त्यात १००० आणि २५०० पीपीएमला निर्णय घेण्याच्या चाचण्यांतले गुण घसरले. पुढच्या काही प्रयोगांत नुसता शुद्ध कार्बन डायऑक्साइड वाढवून तसा परिणाम दिसला नाही. म्हणून मी पालकांना 'एवढ्या पीपीएमला एवढे मार्क कमी' असं कधी सांगत नाही, तुम्हीही जाहिरातीत लिहू नका. पण सर्दी, फ्लू, क्षय यांचं गणित स्पष्ट आहे. हवेतून पसरणाऱ्या आजारात, एकाच खोलीत बसलेल्यांना होणारा धोका ताजी हवा दुप्पट केली की साधारण निम्मा होतो. चाळीस तरुण मुलं वर्षभर एका हॉलमध्ये बसतात. त्यांच्यातला एक खोकत असेल तर बाकीच्यांची जबाबदारी आपल्यावर येते, आणि मला या सगळ्या विषयात सर्वांत मोलाची गोष्ट तीच वाटते.

प्युरिफायर धूळ आणि धूर पकडतो, सूक्ष्म थेंबही काही प्रमाणात पकडतो, पण कार्बन डायऑक्साइड, ओलावा आणि बहुतेक वास तसेच राहतात. कुंड्यांतली झाडं शोभेला ठेवा. चाळीस माणसांपुढे त्यांचा परिणाम मोजता येत नाही.

एक्झॉस्टबद्दल जरा सविस्तर, कारण स्वस्त पडतो म्हणून सगळे तिकडेच वळतात. पंखा हवा बाहेर फेकतो तेव्हा तेवढीच हवा कुठून तरी आत यावी लागते. ती कुठून यावी हे तुम्ही ठरवलं नाही तर ती स्वतः ठरवते. तुमच्या इमारतीत खाली खानावळ आहे. जिन्यातून तळणीचा वास, स्वच्छतागृहाच्या जाळीतून गटाराचा वास, फॉल्स सीलिंगच्या वरून धूळ, हे सगळं दाराखालच्या फटीतून हॉलमध्ये येईल, न गाळता. वर हॉल घट्ट बंद असल्याने पंख्याला हवाच मिळणार नाही. तो आवाज पूर्ण करेल आणि काम अर्धं. म्हणून नियम असा ठेवा: हॉलमध्ये हवा पंख्याने आत ढकलायची, बाहेर जाणारी त्यापेक्षा थोडी कमी ठेवायची. मग दार उघडलं की हवा हॉलमधून जिन्याकडे जाते, जिन्यातून हॉलकडे येत नाही. स्वच्छतागृहाचा एक्झॉस्ट वेगळा, कायम चालू, प्रत्येक शौचालयामागे ५० ते ७० सीएफएम. तो ईआरव्हीला कधीही जोडू नये. ईआरव्हीच्या गाभ्यातून, म्हणजे आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा जिथे एकमेकींजवळून जाते त्या भागातून, थोडी गळती होतेच.

आता कोल्हापूरचा मुद्दा, आणि इथेच बाहेरगावचे सल्लागार फसतात. सगळे विचारतात, एप्रिल-मेच्या उन्हात एवढी गरम हवा आत घ्यायची तर एसीचं बिल किती येईल? हिशोब करून बघा. बाहेर ३७ अंश, आत २६, ७०० सीएफएम हवा: एसीवर सुमारे १.१ टनाचा भार. आपल्याकडे त्या दिवसांत दुपारची हवा कोरडी असते, म्हणून एवढ्यावर भागतं. आता जुलै घ्या. बाहेर २५ अंश, आतही २५. सगळ्यांना वाटतं, काहीच भार नाही. पण बाहेरची हवा पाण्याने जड झालेली असते, दमटपणा ८८-९० टक्के. आत ५५ टक्के ठेवायचं असेल तर त्या ७०० सीएफएम हवेसोबत तासाला सुमारे ९ लिटर पाणी वाफेच्या रूपात हॉलमध्ये येतं. चाळीस मुलांच्या श्वासातून आणि घामातून येणारं पाणी अडीच-तीन लिटर. नऊ लिटर वाफेचं पाणी करायला जवळजवळ १.८ टनाचा एसी फक्त त्यासाठी लागतो. म्हणजे कोल्हापुरात ताजी हवा सर्वांत महाग पडते ती मे महिन्यात नाही, जुलै-ऑगस्टमध्ये.

साधा पंखा आणि फिल्टर लावून भागेल का, या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी साधा पंखा उत्तम, सकाळच्या वेळी एसीसुद्धा बंद ठेवता येईल. मार्च ते मे चालेल. पण पावसाळ्यात नऊ लिटर पाणी रोज, दर तासाला आत ओढलं तर प्लायवूडच्या पार्टिशनला बुरशी येईल, पुस्तकांची पानं मऊ पडतील आणि कुबट वास परत येईल, या वेळी भिंतींतून. दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर आठवडेच्या आठवडे राहू देऊ नये. चांगली ईआरव्ही बाहेर जाणाऱ्या कोरड्या हवेला आत येणाऱ्या ओल्या हवेतला साधारण ६० टक्के ओलावा देऊन टाकते. नऊ लिटरचे साडेतीन-चार होतात, आणि तेवढं तुमचे चार एसी आरामात काढतात. उन्हाळ्यातली १.१ टनाची भर कमी होते तो वरचा फायदा. तुमच्याकडे ६ टन आहेत. माणसं, लॅपटॉप, दिवे आणि ईआरव्हीतून उरलेला भार मिळून तेवढे पुरायला हवेत, आणखी एसी आत्ता घेऊ नका.

'हीट रिकव्हरी' म्हणून फक्त उष्णता वाचवणारं यंत्र कुणी दाखवलं तर नको म्हणा. ते थंड देशांसाठी चांगलं. ॲल्युमिनियमच्या गाभ्यातून ओलावा पलीकडे जात नाही, आणि आपली लढाई ओलाव्याशीच आहे.

आकाराबद्दल माझी शिफारस: १३०० घनमीटरच्या एका यंत्राऐवजी ६५० ची दोन. एक सर्व्हिसिंगला बंद असलं तरी दुसरं चालू राहतं. सकाळी सातला दहाच मुलं असतात तेव्हा एकच चालवायचं. मीटरच्या आकड्यावर पंख्याचा वेग आपोआप कमी-जास्त होण्याची सोय असलेलं मॉडेल मिळालं तर जरूर घ्या. हिवाळ्यात गाभ्याला वळसा घालून थेट गार हवा आत घेण्याची सोय, म्हणजे बायपास, आहे का हेही विचारा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बाहेरची सकाळची हवा १५-१८ अंशांची असते, तिला गाभ्यातून नेऊन गरम करण्यात काही अर्थ नाही.

कॅटलॉगवरचा आकडा कोणत्या दाबाला आहे, हे सर्वांत आधी विचारा. पुष्कळदा ते पंखा मोकळ्या हवेत ठेवून मोजलेलं असतं. फिल्टर, लूव्हर (भिंतीतल्या तोंडावरची तिरप्या पात्यांची चौकट), डक्ट (हवा नेणारा पाइप), ग्रिल लागल्यावर हवा निम्म्यावर येते. तुम्ही लिहून मागायचं: २५० पास्कल दाबाला ६५० घनमीटर. विक्रेत्याला हा प्रश्न समजला नाही तर दुसरा विक्रेता बघा.

फिल्टर दोन टप्प्यांचे. पुढे धुता येणारा जाड फिल्टर, मागे बारीक धूळ पकडणारा, एफ७ किंवा मर्व्ह १३ दर्जाचा. केंद्र सरकारच्या २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात ज्या शहरांची नावं आहेत त्यांत कोल्हापूर आहे, त्यामुळे बाहेरची हवा म्हणजे शुद्ध हवा असं धरून चालता येत नाही. रस्त्याची धूळ वर्षभर असतेच. गळीत हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, पाचट जाळल्याचा धूर आणि काजळी येते, तेव्हा पुढचा फिल्टर आठवड्याला धुवा, एरवी पंधरा दिवसांनी. मागचा फिल्टर धुवायचा नसतो. त्याच्या दोन्ही बाजूंचा दाब दाखवणारं साधं गेज बसवून घ्या. नवा असताना १०० पास्कलच्या आसपास, २५० झाला की बदला. तारखेवर जाऊ नका. आणि सफाई करणाऱ्याला ठणकावून सांगा: ईआरव्हीचा कागदी गाभा पाण्याने धुवायचा नाही, व्हॅक्यूमनेच साफ करायचा. चांगली यंत्रं पहिल्याच वर्षी पाइप मारून खराब केलेली मी पाहिली आहेत.

हवा आत घेण्याची जागा निवडताना घाई करू नका. खानावळीच्या चिमणीपासून, जनरेटरपासून, स्वच्छतागृहाच्या पाइपपासून आणि स्वतःच्याच एक्झॉस्टपासून किमान ३ मीटर दूर. रस्त्याच्या बाजूला नको, मागच्या बोळाच्या बाजूला आणि शक्य तितकी उंच. पश्चिमेची भिंत टाळता आली तर टाळा, जूनपासून सगळी झड तिकडून येते. तीच मिळत असेल तर लूव्हरवर छज्जा, आणि डक्टला बाहेरच्या बाजूला उतार, म्हणजे आत शिरलेलं पाणी परत बाहेर जाईल. ७०० सीएफएमला लूव्हरची मोकळी जागा पावणेदोन चौरस फूट तरी हवी. पात्यांनी निम्मी जागा जाते, म्हणजे लूव्हर साडेतीन चौरस फुटांचा. लोक एक फूट बाय एक फुटाचा बसवतात आणि मग पंखा शिट्टी का मारतो असं विचारतात. मागे जाळी हवीच, नाहीतर पावसाळ्याआधी पारवे घरटं बांधतात. लूव्हर, फिल्टर बॉक्स आणि जीआय पत्र्याचा डक्ट शिवाजी उद्यमनगरात मापाप्रमाणे बनवून मिळतो. मुख्य डक्ट १२ इंची गोल ठेवा, त्याहून लहान नको. लवचिक नळी फक्त शेवटच्या फूट-दीड फुटाला. दहा-पंधरा फूट लवचिक नळी वेडीवाकडी टाकलेली असेल तर अर्धी हवा तिथेच अडते.

हॉलमध्ये ताज्या हवेची ग्रिलं एका टोकाला आणि परत घेण्याची दुसऱ्या टोकाला. दोन्ही शेजारी असतील तर ताजी हवा मुलांपर्यंत न पोचता तशीच बाहेर जाते. तुमच्या खुर्च्यांभोवती चार फुटी पार्टिशन आहेत. ती जमिनीला टेकवू नका, खालून ४-५ इंच मोकळी ठेवा. नाहीतर प्रत्येक कप्प्यात हवा साचते, मीटर हॉलच्या मध्यभागी ९०० दाखवतो आणि कोपऱ्यातला मुलगा १८०० मध्ये बसलेला असतो.

मीटरबद्दल: एनडीआयआर प्रकारचा, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाने कार्बन डायऑक्साइड थेट मोजणारा सेन्सर आहे ना, ते डब्यावर बघा. काही स्वस्त मीटर इतर वायूंवरून कार्बन डायऑक्साइडचा अंदाज बांधतात, अत्तर मारलं तरी त्यांचा आकडा चढतो. चांगले मीटरही ठरावीक दिवसांनी स्वतःला बाहेरच्या हवेशी जुळवून घेतात, म्हणून आठवड्यातून एकदा तासभर गच्चीत ठेवा. ४२० च्या आसपास दिसलं पाहिजे. हॉलमध्ये तो बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीला ठेवा, पण कुणाच्या तोंडासमोर नको, एसीच्या झोतात नको.

चालवण्याचा खर्च तुम्हाला वाटतो तेवढा नाही. दोन्ही यंत्रांचे चारही पंखे मिळून सुमारे ४०० वॅट. चौदा तासांचे साडेपाच युनिट. पावसाळ्यात एक युक्ती करा: चारही एसी मंद चालवण्यापेक्षा दोनच नेटाने चालवा. एसी मंद चालला की आतली कॉइल पुरेशी गार होत नाही, पाणी पकडत नाही, पकडलेलं पाणी पंखा परत हवेत सोडतो. ड्राय मोड याचसाठी असतो, जुलैत वापरा.

यंत्र यायला महिना-दोन महिने लागतील. तोपर्यंत आजपासून करण्यासारखं: मागच्या बोळाकडची दोन काचेची तावदानं उघडती करून घ्या. समोरासमोरच्या बाजू मिळाल्या तर हवा वाहते, एकाच बाजूला दोन उघडून फार उपयोग होत नाही. दर दीड तासाने दहा मिनिटं दार-खिडक्या सताड उघडा, एसी बंद. सकाळी मुलं येण्याआधी आणि रात्री ती गेल्यावर अर्धा तास हॉल मोकळा सोडा. आणि दुपारी १ ते ४ मध्ये दहा खुर्च्या कमी भरता आल्या तर बघा, आकडा लगेच खाली येईल.

ही उघडती तावदानं यंत्र आल्यावरही तशीच राहू द्या. दुसऱ्या मजल्यावर सगळ्या पक्क्या काचा, एकच जिना आणि आत प्लायवूड, हे मला हवेपेक्षाही जास्त खटकतं. आग लागली तर धूर बाहेर जायला वाट नाही. धुराचा सेन्सर वाजला की ईआरव्ही आपोआप बंद व्हायला हवी, नाहीतर तीच धूर हॉलभर फिरवेल. डक्ट भिंतीतून जिथे जातो तिथे फायर डॅम्पर, म्हणजे आगीत डक्ट बंद करणारी झडप, लावायला सांगा. इलेक्ट्रिशियनला ही जोडणी अवघड नाही, पण मागितल्याशिवाय कुणी करत नाही.

तुम्ही जाता जाता घरच्या बेडरूमचंही विचारलंत. १० बाय १२ ची खोली, दोघं जण, एसी, दार-खिडकी बंद: सकाळपर्यंत २५०० ते ३००० होतो, आणि उठल्यावर डोकं जड असतं ते या कोंडलेल्या हवेमुळे असू शकतं. घराला ईआरव्हीची गरज क्वचितच असते. ताशी ५० घनमीटर हवा आत टाकणारा फिल्टरवाला छोटा पंखा बाहेरच्या भिंतीत बसवा, आकडा ९०० च्या आसपास येतो. तो बसेपर्यंत खोलीचं दार फटीएवढं उघडं आणि हॉलची खिडकी थोडी उघडी ठेवा. पण नव्या बंदिस्त फ्लॅटमध्ये गॅस गीझर बाथरूममध्ये असेल तर तो आधी बाहेर काढा. हवा कमी पडली की ज्योत कार्बन मोनॉक्साइड तयार करते, त्याला वास नाही, आणि बंद बाथरूममध्ये माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. स्वयंपाकघरातली मोठी चिमणी किंवा बाथरूमचा एक्झॉस्ट चालू असेल तर गीझरचा धूर बाहेर जायच्या ऐवजी आत ओढला जातो. एक्झॉस्ट लावून गीझर सुरक्षित झाला असं समजू नका. गीझर गच्चीत किंवा उघड्या ड्राय बाल्कनीत हवा. याबाबतीत मी तडजोड सुचवत नाही.

कंत्राट देताना कोटेशनमध्ये यंत्राच्या नावाबरोबर हे लिहून घ्या: प्रत्येक ग्रिलवर ॲनिमोमीटरने (हवेचा वेग मोजणाऱ्या उपकरणाने) मोजलेली हवा, सगळ्यांची बेरीज किमान ६५० सीएफएम, फिल्टर बसवलेले असताना. चाळीस खुर्च्या भरून दोन तास झाल्यावर चारही कोपऱ्यांत ११०० च्या आत आकडा. शेवटचा हप्ता जुलैपर्यंत राखून ठेवा. पाऊस कोसळत असताना, हॉल भरलेला असताना, दमटपणा ६० टक्क्यांच्या आसपास राहतो का ते विक्रेत्याच्या माणसासमोर मोजा आणि मगच तो चेक द्या.